डुआर्समधला लोहमार्ग आणि हत्ती : वेग, वेळ आणि कंट्रोल रूम

सप्टेंबर २०२० मध्ये आसामातल्या लामडिंगच्या जंगलात, पाथरखोला स्थानकाजवळ, रेल्वेच्या धडकेत एक हत्तीण आणि तिचं पिल्लू मेलं. पुढच्याच महिन्यात आसामचं वनखातं गुवाहाटीच्या बामुनीमैदान लोको शेडमध्ये गेलं आणि धडक देणारं इंजिन वन्यजीव संरक्षण कायद्याखाली जप्त केलं. आपल्याकडे तहसीलदार वाळूचा ट्रक धरतो, तसं. जप्ती कागदावर झाली आणि इंजिन सांभाळायला रेल्वेकडेच राहिलं. वनखातं ते ठेवणार तरी कुठे? बातमी देशभर फिरली, लोक हसलेही. मला मात्र वनखात्याने बोट नेमकं जागेवर ठेवलं असं वाटतं.

रेल्वे पर्यावरणासाठी काय करते असं विचारलं, की स्थानकांच्या छपरांवरचे सौर पॅनेल, रुळांकडेला लावलेली रोपं, विद्युतीकरण आणि २०३० पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचं उद्दिष्ट, अशी यादी मिळते. यादी खोटी नाही. पण जिचा रूळ जंगलातून जातो त्या रेल्वेचा जैवविविधतेशी खरा संबंध येतो तो गाडी हाकण्यात. गाडी किती वेगाने जाते, रात्री किती वाजता जाते, आणि पुढे रुळावर काय उभं आहे हे लोको पायलटला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्याला, किती मिनिटं आधी कळतं, या तीन गोष्टींवर बाकी सगळं उभं आहे. हे एकाच मार्गाच्या गोष्टीतून नीट दिसतं. मार्ग ईशान्य सीमांत रेल्वेचा, उत्तर बंगालमधला : सिलीगुडी जंक्शन ते अलीपूरद्वार जंक्शन.

आडवा रूळ, उभे हत्ती

हिमालयाच्या पायथ्याशी, तीस्ता नदीपासून पूर्वेला पसरलेल्या पट्ट्याला डुआर्स म्हणतात. शब्द 'द्वार'वरून आला. भूतानात शिरायच्या या वाटा. सिलीगुडीहून सुटलेली गाडी गुलमा, सेवोक करत तीस्ता ओलांडते आणि न्यू माल, चालसा, नागराकाटा, बानरहाट, बिन्नागुडी, दलगाव, मदारीहाट, हासिमारा, राजाभातखावा अशी सुमारे १६५ किलोमीटर पूर्वेकडे जाते. वाटेत महानंदा अभयारण्य, चापरामारी, डायना आणि मोराघाटची जंगलं, जलदापारा, शेवटी बक्सा व्याघ्र प्रकल्प. जंगल नसेल तिथे चहाचे मळे. २०२१ पासून पर्यटकांसाठी व्हिस्टाडोमही धावते. मुंबई–मडगाव जनशताब्दीच्या काचेच्या डब्यातून आपण धबधबे पाहतो, तसं तिथे लोक काचेतून हत्ती दिसतो का ते पाहतात.

नकाशा समोर धरला की अडचण लगेच कळते. तीस्ता, जलढाका, डायना, तोर्सा या नद्या उत्तरेच्या डोंगरातून दक्षिणेच्या सपाटीकडे उतरतात. हत्तीही याच नद्यांच्या काठाने वरखाली करतात : वर डोंगरउतारावरचं जंगल, खाली गवताळ पट्टे, नदीकाठचं पाणी आणि भाताची शेतं. रूळ मात्र पूर्व-पश्चिम टाकलेला. त्यामुळे तो हत्तींच्या वाटांना कुठे एखाद्या ठिकाणी नाही, तर जवळजवळ प्रत्येक वाटेला काटकोनात छेदतो. अमुक चार किलोमीटर सांभाळले की झालं, अशी सोय या भूमितीत मुळातच नाही.

रूळ इथून का टाकला, याला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात बंगाल डुआर्स रेल्वे आली ती चहासाठी. मळे जिथे, रूळ तिथे. पुढे १९४७ ला फाळणी झाली आणि आसामकडे जाणारा जुना मार्ग पूर्व पाकिस्तानात गेला. मग तुकडे जोडून घाईघाईने 'आसाम रेल लिंक' उभी केली आणि जानेवारी १९५० मध्ये त्यावरून गाड्या सुरू झाल्या. मळेवाल्यांची आडरस्त्याची लाइन एकाएकी देशाच्या एका कोपऱ्याला जोडणारा दुवा झाली. तरी ती मीटर गेज होती. गाड्या थोड्या, सावकाश चालणाऱ्या.

२००३–०४ मध्ये मार्ग ब्रॉडगेज झाला, आणि या प्रकरणाची खरी सुरुवात तिथून होते.

रूळ रुंद झाल्यावर

१९७४ ते २००२ या अठ्ठावीस वर्षांत या मार्गावर २७ हत्ती गाडीखाली गेल्याची नोंद आहे. म्हणजे वर्षाला एकही नाही. ब्रॉडगेज झाल्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत हा आकडा साठाच्या आसपास गेला. जंगल तेच, हत्ती तेच, रुळाची जागाही तीच. बदलल्या त्या गाड्यांच्या संख्या, त्यांचं वजन आणि वेग. भूतानचा डोलोमाइट भरलेल्या मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या एक्सप्रेस गाड्या आता इथून धावू लागल्या.

२२ सप्टेंबर २०१० च्या रात्री बानरहाट–बिन्नागुडी भागात एका मालगाडीने कळपाला धडक दिली आणि सात हत्ती मेले. कळपातली पिल्लं रुळात अडकली होती आणि मोठ्या माद्या त्यांच्याभोवती उभ्या राहिल्या होत्या, असं तेव्हाच्या वृत्तांतांत आहे. हत्तींचा कळप माद्यांचा असतो. आजी, मावश्या, आया आणि त्यांची पोरं. धोका आला की पिल्लाला मध्ये घेऊन भोवती कडं करायचं, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. वाघापुढे ती उत्तम चालते. मालगाडीपुढे तीच रीत एका पिल्लाच्या जागी अख्ख्या कुटुंबाचा जीव घेते. त्यातून मादी सुमारे बावीस महिने गाभण राहते आणि दोन वेतांत काही वर्षांचं अंतर पडतं. पाच माद्या गेल्या की त्या कळपाची भर कशी निघणार?

योगायोग असा की त्याच वर्षी ऑगस्टमध्ये केंद्राच्या हत्ती कृती दलाने आपला अहवाल दिला होता, आणि ऑक्टोबरमध्ये हत्तीला राष्ट्रीय वारसा प्राणी ठरवलं गेलं. मार्चमध्ये रेल्वे आणि पर्यावरण मंत्रालयाने मिळून सूचनाही काढल्या होत्या : रुळाकडेची झाडी साफ करा, लोको पायलटांना सावध करणारे फलक लावा, खाद्यपदार्थांचा कचरा रुळावर टाकू देऊ नका, वनखात्याचा माणूस रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये बसवा. कागद वेळेवर तयार होता.

तीन वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०१३ च्या संध्याकाळी, चापरामारीच्या जंगलात जलढाका नदीच्या पुलाजवळ चाळीस-पन्नास हत्तींचा कळप रूळ ओलांडत असताना उदयपूरहून कामाख्याला जाणारी एक्सप्रेस आली. सात हत्ती मेले, आणखी काही जखमी झाले. गाडी ताशी ८० किलोमीटरच्या आसपास होती. पुलावर हत्तीला बाजूला व्हायला जागाच नसते. डुआर्समध्ये हत्तीला 'महाकाल' म्हणतात, नमस्कार करतात. त्या पुलाची छायाचित्रं पाहून तिथल्या लोकांना काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

त्यानंतर जो वाद झाला तो या प्रकरणाचा गाभा आहे. वेगमर्यादा होती, पण ती ठरवून दिलेल्या हत्तीमार्गांपुरती. रेल्वेच्या बाजूने उत्तर आलं की अपघाताची जागा त्या मार्गाबाहेर होती. वनखात्याचं आणि वन्यजीव कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की रात्रीच्या मालगाड्या दक्षिणेकडच्या धुपगुडी–फालाकाटा मार्गाने वळवा. तिथेही ब्रॉडगेज आहे आणि तो मार्ग जंगलातून जात नाही. रेल्वेची अडचणही खोटी नव्हती. बिन्नागुडीला लष्कराची छावणी, हासिमाराला हवाई दलाचा तळ, मध्ये चहाची गावं. मार्ग रात्रभर बंद ठेवणं सोपं नव्हतं. तरीही सगळी वाहतूक वळवणं आणि काहीच न वळवणं या दोन टोकांच्या मध्ये बरीच जागा होती, आणि तिच्यावर नीट हिशेब मांडून बोलणारे फार कमी होते, असं मला जुने वृत्तांत वाचताना जाणवत राहतं.

पन्नास हा आकडा कुठून येतो

तो हिशेब इथे थोडा करू. रात्री इंजिनाच्या दिव्यात लोको पायलटला रुळावरची मोठी वस्तू साधारण दोन-अडीचशे मीटरवर नीट ओळखू येते असं धरू. धुकं, पाऊस, वळण असेल तर त्याहून कमी. ताशी १०० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला २८ मीटर कापते. म्हणजे हत्ती दिसल्यापासून धडकेपर्यंत फार तर नऊ सेकंद. आणीबाणीचा ब्रेक लावला तरी प्रवासी गाडीला थांबायला पाऊण-एक किलोमीटर लागतो, भरलेल्या मालगाडीला आणखी जास्त. थोडक्यात, त्या वेगात लोको पायलटने हत्ती पाहिला की नाही पाहिला, याने काहीही फरक पडत नाही. तो फक्त साक्षीदार असतो.

वेग निम्मा केला तर थांबायचं अंतर निम्मं होत नाही, साधारण चौथाई होतं. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, हे शाळेत शिकलेलं इथे कामाला येतं. पन्नासच्या वेगात तेच अंतर दोन-अडीचशे मीटरवर येतं, म्हणजे दिव्याच्या उजेडाच्या टप्प्यात. जंगलातल्या वेगमर्यादेसाठी पन्नासचा आकडा पुन्हा पुन्हा का येतो, ते यावरून कळतं. त्या खाली लोको पायलटच्या डोळ्यांना किंमत आहे, त्या वर नाही.

आता रेल्वेच्या बाजूने पाहू. वीस किलोमीटरचा पट्टा शंभरने बारा मिनिटांत पार होतो, पन्नासने चोवीस. बारा मिनिटं म्हटली तर काहीच नाहीत. पण अशी बंधनं पाच ठिकाणी तुकड्या-तुकड्यांनी असली, प्रत्येक ठिकाणी ब्रेक लावून पुन्हा वेग पकडायचा असला, आणि मार्ग एकेरी असला, म्हणजे समोरची गाडी पुढच्या स्थानकावर क्रॉसिंगसाठी खोळंबली असली, की एका गाडीची बारा मिनिटं पाच गाड्यांत वाटली जातात. गाड्यांचा क्रम लावणाऱ्या सेक्शन कंट्रोलरच्या तक्त्यावर रात्रभर तेच दिसतं. अख्खा मार्ग पन्नासवर आणला तर प्रत्येक गाडीला दीड तास जास्त. म्हणून रेल्वे बंधन थोड्या किलोमीटरांपुरतं ठेवते, आणि ज्या रात्री हत्ती त्या किलोमीटरांबाहेर येतो त्या रात्री ते बंधन कुचकामी ठरतं. हत्तीमार्गांचा नकाशा हत्तींनी पाहिलेला नसतो.

कोंडी ही अशी आहे. ती वेग कमी-जास्त करून सुटत नाही. हत्ती आज, आत्ता कुठे आहे, हे कळलं तरच सुटते. कळलं तर जिथे आहे तिथेच आणि असेल तेवढाच वेळ गाडी हळू न्यायची; बाकी रात्र नेहमीच्या वेगाने. कायमचं नुकसान मग तात्पुरतं होतं, आणि ते रेल्वेच्या वाहतूक विभागालाही परवडतं. पुढचे सगळे प्रयत्न या एका प्रश्नाची कमी-अधिक चांगली उत्तरं आहेत.

पायी चालणारे, भुणभुण करणारे, ऐकणारे

सगळ्यात जुनं उत्तर म्हणजे रुळावरून चालणारा माणूस. याचं देशातलं ठळक उदाहरण डुआर्समधलं नाही, उत्तराखंडातल्या राजाजीमधलं आहे. हरिद्वार–डेहराडून मार्गावर १९८७ ते २००१ या काळात वीस हत्ती मेले होते. मग वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, वनखातं आणि रेल्वे यांनी मिळून रात्रीची गस्त सुरू केली, लोको पायलटांशी बोलणं सुरू केलं, रुळाकडेचे खडे उतार हत्तीला चढता-उतरता येतील असे केले, रुळावरचा खाद्यकचरा काढला, आणि पाण्यासाठी हत्तींना रूळ ओलांडावाच लागू नये म्हणून पाणवठ्यांकडे लक्ष दिलं. त्यानंतर दहाएक वर्षं तिथे गाडीखाली हत्ती गेला नाही. यात यंत्र एकही नव्हतं. बॅटरी, वॉकी-टॉकी आणि एकमेकांशी बोलणारी दोन सरकारी खाती. शेवटची गोष्ट सगळ्यात दुर्मीळ, हे कुणीही मान्य करील.

पण राजाजीतला पट्टा छोटा आहे. डुआर्सची दीडशे किलोमीटर रात्रभर पायी कोण राखणार? गँगमनची गस्त असते ती रुळाच्या प्रकृतीसाठी; त्यात हत्तीची नजर मिळवता येते, पण तिला मर्यादा आहे. डिसेंबरच्या धुक्यात तर हातभरावरचा हत्ती दिसत नाही, आणि तो दिसला तर आधी गस्तवाल्यालाच पळावं लागतं.

ईशान्य सीमांत रेल्वेने २०१७ पासून दुसरं एक उत्तर वापरलं. नाव 'प्लॅन बी', अर्थ मधमाशीची योजना. केनियातल्या संशोधनात दिसलं होतं की मधमाश्यांच्या घोंघावण्याचा नुसता आवाज ऐकूनही हत्ती मागे फिरतात. एवढं जाड कातडं, पण सोंडेच्या आत आणि डोळ्यांभोवती डंख लागतोच. रंगिया विभागाने तो आवाज रेकॉर्ड करून रेल्वे फाटकांजवळ भोंग्यांतून वाजवायला सुरुवात केली. एका यंत्राचा खर्च दोन हजारांच्या आसपास आणि आवाज सहाशे मीटरपर्यंत पोहोचतो, असं रेल्वेचं सांगणं. पुढे तिला रेल्वे बोर्डाचं नावीन्याचं बक्षीसही मिळालं.

मला ही योजना आवडते ती तिच्या काटकसरीमुळे. कुणा मोठ्या कंपनीचं सादरीकरण नाही, विभागातल्या माणसांनी जमवलेली युक्ती. पण तिच्यावर फार विसंबू नये. हत्ती हुशार प्राणी आहे. माशी न चावणारा आवाज किती दिवस त्याला घाबरवील? शिवाय भोंगा एका जागी आणि कळप दोन किलोमीटरवर, असं झालं की उपयोग शून्य. भोंगा कळपाला हटवतो, पण लोको पायलटला काहीच सांगत नाही.

तिसरं उत्तर लोको पायलटशी बोलणारं आहे. रुळाच्या बाजूने जमिनीत ऑप्टिकल फायबरची केबल बऱ्याच ठिकाणी आधीपासून असते, दूरसंचार आणि सिग्नलसाठी. काचेच्या त्या तंतूत लेझरचे स्पंद सोडले की प्रकाशाचा अगदी थोडा अंश वाटेतून परत येतो. जमीन हादरली की त्या परतणाऱ्या प्रकाशात बदल होतो, आणि तो किती वेळाने परत आला यावरून हादरा कुठल्या मीटरवर बसला ते कळतं. म्हणजे केबल ही लांबच लांब कान होते. माणसाचं चालणं, गुरांचं चालणं, फावड्याचा घाव आणि हत्तीचं चालणं, प्रत्येकाची ठेवण वेगळी. ती संगणकाला शिकवायची. डिसेंबर २०२२ मध्ये ही घुसखोरी शोधणारी प्रणाली प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाली ती दोन ठिकाणी : आसामात लामडिंग विभागातल्या लंका–हबाईपूर पट्ट्यात, आणि आपल्या या मार्गावर चालसा ते हासिमारा. जिथे २०१० आणि २०१३ चे दोन्ही अपघात झाले, तो भाग यात येतो.

इथे यंत्रापेक्षा त्यापुढची साखळी महत्त्वाची. केबलने ऐकलं, संगणकाने ओळखलं, इशारा कंट्रोल रूममध्ये आणि जवळच्या स्थानकात वाजला. तिथून तो धावत्या गाडीतल्या लोको पायलटपर्यंत जायचा आहे. गाडी पाच किलोमीटरवर आणि वेग ऐंशीचा असेल, तर हाताशी पावणेचार मिनिटं आहेत. त्यातला अर्धा मिनिट खात्री करण्यात, एक फोनात, अर्धा लोको पायलटच्या 'पुन्हा सांगा'त गेला, तरी पावणेदोन मिनिटं उरतात आणि गाडी सावकाश होऊ शकते. स्टेशन मास्तरने आधी वरिष्ठाला विचारायचं ठरवलं, तर काही उरत नाही. म्हणून अशा इशाऱ्यावर गाडी हळू करायचा अधिकार सगळ्यात खालच्या माणसाला लागतो, आणि खोट्या इशाऱ्यामुळे गेलेली दहा मिनिटं त्याच्या डोक्यावर फुटणार नाहीत याची लेखी हमीही. वेळ पाळण्याचा हिशेब द्यावा लागणाऱ्या खात्यात हे लहान काम नाही. केबल बसवण्याहून अवघडच असावं.

दोन दिवसांचं अंतर

२७ नोव्हेंबर २०२३. बक्सा व्याघ्र प्रकल्पात राजाभातखावाजवळ मालगाडीच्या धडकेने तीन हत्ती मेले. राजाभातखावा हासिमाराच्या पूर्वेला आहे. प्रायोगिक पट्टा हासिमाराला संपत होता. दोनच दिवसांनी रेल्वेमंत्र्यांनी हीच प्रणाली 'गजराज' या नावाने देशभरात सुमारे ७०० किलोमीटर मार्गावर, १८१ कोटी रुपये खर्चून बसवण्याची घोषणा केली. किलोमीटरला पाव कोटी पडतात. नवा ब्रॉडगेज मार्ग टाकायच्या खर्चापुढे हा आकडा किरकोळ आहे.

आणि २० डिसेंबर २०२५ च्या पहाटे, आसामात होजाई जिल्ह्यात, सैरांगहून दिल्लीकडे निघालेली राजधानी एक्सप्रेस कळपावर आदळली. किमान सात हत्ती मेले, इंजिन आणि पाच डबे घसरले. प्रवाशांना इजा झाली नाही हे नशीब. लोको पायलटने ब्रेक लावले होते. जागा ठरलेल्या हत्तीमार्गात नव्हती, असं रेल्वेने सांगितलं. २०१३ ला ऐकलेलं वाक्य बारा वर्षांनी जसंच्या तसं आलं.

मला या वाक्यावर राग येत नाही, ते खरं असतं म्हणून. त्या जागेवर फलक नव्हता, वेगमर्यादा नव्हती, कान नव्हते. पण नकाशावरच्या ठरीव पट्ट्यांवर सगळी भिस्त ठेवली की पुढचा अपघात पट्ट्याबाहेर होणार, हे या प्रकरणातून आता पुरतं सिद्ध झालं आहे. हत्तीमार्गांची, म्हणजे कॉरिडॉरची, यादी जुन्या सर्वेक्षणांवर बनते. इकडे एखाद्या गावात भाताऐवजी मका पेरला जातो, एखाद्या मळ्याला तारेचं कुंपण पडतं, नदी पात्र बदलते, आणि कळप दोन किलोमीटर सरकतो. रेल्वेकडे स्वतःची एक फार चांगली माहिती पडून आहे : लोको पायलटांनी कुठे, कोणत्या तारखेला, किती वाजता हत्ती पाहिला आणि गाडी थांबवली, याच्या नोंदी. एका जागी अपघाताची नोंद क्वचितच होते. थोडक्यात टळलेल्या प्रसंगांची पुन्हा पुन्हा होते. कॉरिडॉर दरवर्षी त्या नोंदींवरून नव्याने आखले, तर केबल कुठे आधी टाकायची हेही कळेल. पर्यावरण मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २००९–१० ते २०२०–२१ या काळात देशभरात १८६ हत्ती गाड्यांखाली गेले. त्यातले ६२ आसामात आणि ५७ पश्चिम बंगालमध्ये. म्हणजे दोन राज्यांत जवळजवळ दोन-तृतीयांश. सुरुवात कुठून करायची, हे शोधायला नवी समिती नको.

विद्युतीकरणाचंही इथेच बोलायला हवं. डिझेल जाऊन वीज आली की धूर जातो, कार्बनचा हिशेब सुधारतो. पण विजेचं इंजिन लवकर वेग पकडतं आणि त्याचा आवाजही कमी असतो. कार्बनच्या वहीत जमा झालेली रक्कम हत्तीच्या वहीत खर्ची पडू शकते. म्हणून रेल्वेच्या पर्यावरण अहवालात या दोन वह्या वेगळ्या हव्यात. सध्या झाडं किती लावली हा आकडा ठळक छापला जातो. रात्री पन्नासच्या वर गेलेल्या गाड्या किती, इशारा आल्यापासून वेग कमी व्हायला सरासरी किती सेकंद लागले, हे आकडे छापायची पद्धत नाही. झाडीचंही तसंच. रुळाकडेची झाडी तोडली तर लोको पायलटला दूरवर दिसतं, पण तिथेच कोवळं गवत उगवतं आणि जनावरं चरायला तिथे येतात. तोडायचंच तर ऋतू पाहून आणि पुन्हा पुन्हा तोडावं लागतं, एकदा कंत्राट देऊन भागत नाही.

वडसा ते गडचिरोली

हे सगळं मराठी वाचकाला लांबचं वाटायचं कारण नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये चंद्रपूरजवळ गोंदिया–बल्लारशा मार्गावर गाडीखाली वाघाचे तीन बछडे मेले. तो मार्ग ताडोबा आणि त्यापलीकडच्या जंगलांना जोडणाऱ्या पट्ट्यातून जातो, आणि वाघाच्या पावलाचा हादरा हत्तीच्या पावलासारखा केबलला सहज ऐकू येईल असं समजू नये. तिथे भुयारी वाटा, मोठ्या मोऱ्या आणि रात्रीचा वेग, हेच हातात आहे. महामार्गाच्या बाबतीत पेंचमधल्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर पुलांखालून वाघ जाताना कॅमेऱ्यांत दिसले, म्हणजे प्राणी अशा वाटा वापरतात याबद्दल शंका उरलेली नाही.

आणि हत्ती? २०२१ मध्ये ओडिशा-छत्तीसगडकडून एक कळप गडचिरोलीत उतरला. पुढच्या वर्षी तो गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत फिरून आला. देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा या भागातले शेतकरी आता भाताच्या दिवसांत रात्र जागवतात. त्याच देसाईगंजहून, म्हणजे वडसा स्थानकाहून, गडचिरोलीपर्यंत सुमारे ५२ किलोमीटरचा नवा लोहमार्ग होतो आहे. जंगलाच्या परवानगीत तो बरीच वर्षं अडकला, आणि गडचिरोलीच्या लोकांना रेल्वे हवी आहे. त्यात त्यांचं काही चुकत नाही. डुआर्समध्ये हत्तींच्या वाटांवर रूळ शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पडला आणि नंतर केबल, भोंगे, गस्ती लावत बसावं लागलं. इथे भराव अजून घातला जातो आहे. मोऱ्या किती उंच, किती रुंद आणि कुठल्या किलोमीटरला हव्यात, हे कळपाच्या गेल्या चार वर्षांच्या फिरण्याच्या नोंदी वनखात्याकडून घेऊन ठरवता येतं. आणि फायबर तर सिग्नलसाठी टाकावीच लागणार आहे.